उघडा डोळा

चर्चमध्ये कापणीच्या सणाची उपकारस्तुती चालली होती. पाळकसाहेबांच्या प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझाच एक उघडा. तो वेदीपाशी अर्पण म्हणून ठेवलेल्या मार्थाबाईंच्या भल्यामोठ्या भोपळ्यावर खिळलेला. त्यापुढे माझी चार वांगी अगदीच केविलवाणी दिसत होती. ओठांवर ‘प्रभू, तुझे उपकार’ आणि पोटात नुसती जळजळ: देवा, सगळं हिलाच कसं रे देतोस?

तेवढ्यात मार्थाबाईच माझ्या कानाशी पुटपुटल्या, “तुझी वांगी किती कोवळी गं! माझ्या वेलाला यंदा हा एकच भोपळा धरला.”

एकच. आणि तोही त्यांनी इथे आणून ठेवला होता. माझी टोपलीभर चांगली वांगी मी घरीच ठेवली होती.

“आमेन,” पाळकसाहेब म्हणाले. सगळ्यांनी डोळे उघडले. मी तेव्हा कुठे मिटले.