हिरव्या कापडाचे महिने

आमच्या ल्युथरन मंडळीत कुठला काळ सुरू आहे, हे वेदीवरच्या कापडावरून कळतं. आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळं, नाताळ-ईस्टरला पांढरं, पेन्टेकॉस्टला आणि धर्मसुधारणेच्या सणाला लाल, आणि उरलेलं जवळजवळ अर्धं वर्ष हिरवं. ही कापडं बदलण्याचं काम माझ्या सासूबाईंचं. मी लग्न होऊन हुडकेश्वरला आले त्याच्या आधीपासून. चारही त्यांनीच शिवलेली. ती आमच्या घरी ट्रंकेत असतात.

यंदा ईस्टरनंतर डांबरगोळ्या टाकताना मी ती नीट रचली. मोठी खाली, लहान वर. मला व्यवस्थितपणाची हौस आहे.

पेन्टेकॉस्टच्या रविवारी पाळकसाहेब गळ्यात लाल पट्टा घालून आले, तर वेदीवर जांभळं. पवित्र आत्म्याच्या अग्नीचा सण, बाहेर नागपूरचं ऊन, आणि वेदी आपली उपवासाला बसलेली. पाळकसाहेब क्षणभर थबकले आणि त्यांनी गीत जाहीर केलं. सासूबाई पहिल्या बाकावर, मान ताठ.

परतताना स्कूटरवर मी विचारलं, "आई, तुम्हाला रंग दिसला नाही का?"

"मले सगळं दिसते. तू ट्रंकेत उलथापालथ काहून केली वं?"

तेव्हा उलगडा झाला. बाई रंग बघतच नव्हत्या, वरून कितवं ते चाचपत होत्या. डॉक्टरांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीचं सांगितलेलं. पण त्या टाळत होत्या, कारण महिलामंडळाच्या सेक्रेटरीबाई हे काम केव्हाच्या मागत होत्या.

"एकडाव तिनं हात लावला, मंग माह्याकडं वापस येते का?"

मी समजूत घालत बसले नाही. चर्चचं कॅलेंडर काढलं. "पुढच्या रविवारी त्रैक्याचा सण, पांढरं लावा. त्याच्या पुढच्या रविवारी हिरवं. मग थेट ऑक्टोबरअखेर, धर्मसुधारणेच्या सणापर्यंत बदलायचं काहीच नाही. तेवढ्यात दोन्ही डोळे होतात."

त्यांनी बोटांवर रविवार मोजले. "अन् धुवायचं झालं तं?"

"हिरव्यावर मळ दिसत नाही."

एक डोळा जूनमध्ये झाला, दुसरा जुलैमध्ये. सेक्रेटरीबाई केळी घेऊन भेटायला आल्या. म्हणाल्या, "बाई, तुम्ही आराम करा. वेदीचं मी पाहते."

काळ्या चष्म्यामागून उत्तर आलं, "पाहाचं काय त्यात? हिरवंच हाय."

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी लाल कापड दारातल्या उजेडात धरलं आणि ओरडल्या, "हा क्रूस असा वाकडा कोनं काढला?"

"तुम्हीच."

त्यांनी कात्री मागितली, सगळी कशिदाकारी उसवली आणि शनिवारपर्यंत क्रूस नव्याने काढला, सरळ. सुईत दोराही स्वतःच ओवला. माझ्याकडे न बघता, पण मला दिसेल असा.

रविवारी कापड त्यांनीच अंथरलं. सेक्रेटरीबाई जवळ जाऊन निरखू लागल्या. "बाई, क्रूस नवा काढला काय?"

"नाही वं, जुनाच हाय," सासूबाई म्हणाल्या. "तुले आता दिसून राहिला."