डावा गाल

दुकानात सगळे तिला 'अर्धी' म्हणत. तोंडावर म्हणत आणि वर 'मनावर घेऊ नकोस गं' असंही म्हणत. मनावर नाही घ्यायचं, तर काय पाठीवर घ्यायचं?

बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग उठले होते, काळपट, पसरट. सौंदर्यप्रसाधनांच्या त्या मोठ्या दुकानात तिला नोकरी मिळाली ती या डागांमुळेच. रोज सकाळी आरशासमोर बसून ती उजव्या गालावर नारिंगी करेक्टर अनामिकेने थोपटायची. चोळायचा नाही, चोळला की तो सरकतो आणि डाग पुन्हा डोकं वर काढतो. नारिंगीने काळपटपणा मारला की त्यावर कातडीच्या रंगाचं फाउंडेशन, मग पावडर. उजवा गाल एकसारखा दिसू लागे. डावा मात्र तसाच उघडा ठेवायचा आणि दाराजवळच्या उंच स्टुलावर, दिव्याखाली बसून राहायचं.

गिऱ्हाईक आलं की मॅनेजर आधी उजवा गाल दाखवी, मग तिच्या हनुवटीला बोट लावून डावा पुढे करी. बाजारात भोपळा फिरवून बघतात तसं. तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पण नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, घर तिच्या पगारावर चाललेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

सासू तिखट जिभेची. तिनेच सुनेला ओढत डॉक्टरकडे नेलं आणि मग रोज झोपताना मलमाची आठवण करून द्यायची. "लाव गं, नाहीतर जन्मभर दिव्याखाली बसवतील ते तुला."

मलम लागू पडलं. डाग हळूहळू फिके झाले आणि एका सकाळी आरशात ते शोधावे लागले. ती मनापासून हसली. मॅनेजर नाही हसला. दोन्ही गाल सारखेच दिसायला लागले तर गिऱ्हाइकाला दाखवायचं काय, असं त्याचं म्हणणं. मलम बंद कर, नाहीतर दुसरी बघतो, असं सांगून त्याने तिच्या हातात तपकिरी पेन्सिल दिली. डाग परत येईपर्यंत रोज रंगवायचा.

तिने रंगवला. वर मॅनेजरने जवळ येऊन पाहिलं आणि पहिल्यापेक्षा बरा जमलाय, अशी शाबासकी दिली.

दुपारी कडेवर तान्हं बाळ घेतलेली एक मुलगी आली. तिच्या गालांवर तसेच डाग होते. स्टुलासमोर उभी राहून ती डाव्या गालाकडे बघतच राहिली.

"हे कधीच जात नाही का हो?" तिने विचारलं.

"नाही ताई," मॅनेजर म्हणाला. "हिचंच बघा ना. रोज झाकायचं, दुसरा इलाज नाही."

आणि हनुवटी वळवायला त्याने बोट पुढे केलं. अर्धीने ते बोट हवेतच धरलं. दुसऱ्या हाताने कापूस घेतला आणि डावा गाल खसाखसा पुसला.

"हा डाग मी सकाळी पेन्सिलीने काढलाय," ती त्या मुलीला म्हणाली. "खरा होता तो मलमाने गेला. तुमचा जाईलच असं नाही सांगत, पण आधी डॉक्टरला दाखवा. झाकायचं की नाही ते मग तुमचं तुम्ही ठरवा."

मॅनेजर बोट सोडवायला धडपडत होता. मुलगी बाळाला सावरत दाराबाहेर पडली, तेव्हा कुठे अर्धीने ते सोडलं. मग तो ओरडला. उद्यापासून येऊ नकोस म्हणाला, आणखीही बरंच काही म्हणाला. तिने पिशवी उचलली.

घरी आल्या आल्या तिने उजवा गालही धुऊन टाकला आणि टॉवेल हातात घेऊनच सासूला सगळं सांगितलं. नोकरी गेली, हेही सांगितलं. आता पुढचा महिना कसा काढायचा, ही धास्ती होतीच. राग मात्र तसूभरही उतरला नव्हता.

सासूने भाजी चिरायची सुरी खाली ठेवली.

"बोट हातात आलं होतं ना?" ती म्हणाली. "मग मोडलं का नाहीस?"