पुढं चालणाऱ्याच्या मागं

पुण्याला निघालो त्या दिवशी बाबा माझ्या मागून चालत होते. गावापासून फाट्यापर्यंतची पायवाट दोन कोसांची, अर्धी जंगलातून. माझी पेटी बाबांच्या डोक्यावर, माझ्या हातात पदवीच्या कागदांची पिशवी, आणि मी पुढं. फाट्यावर कुरखेड्याची बस आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तिथी कोनाच्या मांगं जाशीन तं आंधी विचार, रस्ता मालूम हाये का. ज्याले 'मालूम नाई' म्हनता येते, त्याच्या मांगं जा."

मी मान हलवली. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं: बाबा आज पुन्हा मागं चालले.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोहाची फुलं वेचायला, विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडायला आमच्याकडं माणसं एका रांगेत जातात. सर्वांत पुढं एक जाणता माणूस असतो. तो वाट फुटेल तिथं फांदी मोडून ठेवतो, म्हणजे मागून येणारा चुकत नाही. पुढच्यानं दिसलं ते मोठ्यानं सांगायचं आणि जंगलात गमतीतसुद्धा खोटं बोलायचं नाही, एवढाच नियम. मागचे त्याला प्रश्न विचारत नाहीत. आमच्या गावात वीस वर्षं हा पुढचा माणूस म्हणजे माझे बाबा.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा मोहाच्या दिवसांत, नाल्यापाशी बाबांनी थांबून पाहिलं आणि आवाज दिला, "साफ हाये, चाला." माझी सुमन आत्या वाकून फुलं वेचायला लागली. झुडपात ते होतं. पट्ट्यांचं जनावर. आमच्याकडं त्याचं नाव घेत नाहीत, घेतलं तर बोलावल्यासारखं होतं. तुम्ही समजून घ्या. आत्या परत आली नाही.

गावात बाबांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. तेव्हापासून ते कुणाच्याही पुढं चालले नाहीत. बाजारालासुद्धा मायच्या मागून जायचे.

पुण्यात मी आणि सलीम एका खोलीत राहायचो. सलीम आमच्याच तालुक्याच्या गावचा, कुरखेड्याचा. त्याचे अब्बा दर्जी, म्हणजे शिंपी; त्यांनी शिवलेली पँट घालूनच मी मुलाखतीला गेलो होतो. कंपनी एकच, खोली एकच, आणि रविवारी करायला काहीच नाही. आमच्या ऑफिसातल्या मृण्मयीताईंच्या घरी दर रविवारी दुपारी एक खेळ चालायचा. सलीम मला ओढतच घेऊन गेला. "अबे, झोपून झोपून चटई झाली तुही. चाल, तिथी पोहे भेटतेत."

खेळ असा: टेबलाभोवती पाचजण बसायचे. एकजण गेम मास्टर. तो जग सांगतो: इथं डोंगर, इथं नदी, दारात म्हातारी उभी आहे. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जिथं काय होईल ते नक्की नसतं तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. गेम मास्टरसमोर पुठ्ठ्याचा आडोसा असतो आणि त्याचे फासे त्यामागं पडतात. कुणालाच दिसत नाहीत.

सलीमनं पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, तुम्ही मागं काय बी आकडा सांगान. आमाले काय मालूम?"

"विश्वास ठेवायचा," मृण्मयीताई हसून म्हणाल्या. "नाही बसला तर सांग, पुठ्ठा काढून टाकते."

मला हे फार ओळखीचं वाटलं. एकजण पुढं, बाकीचे मागं. मी वाटाड्याचं पात्र घेतलं.

खेळ सुरू करण्याआधी ताईंनी चिठ्ठ्या वाटल्या होत्या. खेळात जे अजिबात यायला नको ते लिहा, स्वतःचं नाव लिहू नका. टेबलाच्या मधोमध एक लाल कार्डही ठेवलं. त्यावर हात ठेवला की खेळ तिथल्या तिथं थांबणार. मी चिठ्ठी कोरी दिली. एक तर ज्यांच्या घरी पोहे खायचे त्यांना अटी काय सांगायच्या? आणि दुसरं म्हणजे, जे लिहायला हवं होतं ते नाव माझ्या हातानं लिहिलं गेलं नसतं.

तिसऱ्या रविवारी आमची टोळी जंगलात शिरली. ताई म्हणाल्या, "वाटाड्या, तू पुढे आहेस. टाक फासा."

दोन पडले.

"तुला काहीच दिसत नाही. तू मागे वळून सगळ्यांना सांगतोस, वाट मोकळी आहे. टोळीतली वैद्यीण औषधाची फुलं तोडायला वाकते, आणि झुडपातून..."

मला पुढचं ऐकू आलं नाही. कार्ड हातभर अंतरावर होतं, माझा हात उचलला जाईना. सलीमला आत्याचं माहीत होतं. त्यानं पटकन कार्डावर पंजा ठेवला. "बस ताई. बस करा."

ताईंनी खेळाची वही त्याच क्षणी मिटली. का, कशासाठी, काही विचारलं नाही. पाणी आणून दिलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं. चूक झाली माझी. आता पुढे काय करायचं, तेही मला माहीत नाही. तू सांगशील तसं करू."

बाबांचं फाट्यावरचं बोलणं मला त्या दुपारी कळलं. त्यांनी मला कुणाच्या मागं जायचं ते सांगितलं होतंच, पण ते बोलत होते स्वतःबद्दल. त्यांना दिसलं नव्हतं, आणि ते "साफ हाये" म्हणाले होते. ते दोन शब्द घेऊनच ते सगळ्यांच्या मागून चालत होते.

पुढच्या रविवारी मी ताईंना सगळं सांगितलं. एक गोष्ट धीर करून जास्तीची बोललो, "ताई, जंगलात काय आहे ते तुम्ही सांगा. पण वाटाड्या काय बोलला ते मला सांगू द्या. ते तुम्ही माझ्या तोंडात घातलं." त्यांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. त्यांच्या जागी दुसरा कुणी हसला असता. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आणि मी ठरवलं, हा खेळ चालवायला शिकायचं आणि घरी न्यायचा. दोन वर्षं ताईंच्या शेजारी बसून शिकलो. सलीम चिडवायचा, "आमचा साहेब जंगलातून आला पुन्याले, जंगल जंगल खेळाले."

गेल्या उन्हाळ्यात दोघं गावी गेलो. दुपारी अंगणातल्या मांडवाखाली चटई टाकली. घरात आम्ही गोंडी बोलतो, पण सलीम होता म्हणून खेळ मराठीत. मी एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा आडोसा केला.

"आता म्हातारपनी खेळाले लावतं का मले?" म्हणत माय सगळ्यात आधी येऊन बसली. "मी राजाची बायको होईन. काम नाई पायजे मले."

मी विचारलं, "काय यायला नको खेळात?"

बाबांनी जंगलाकडं हात केला. "तो नको."

"नाही येणार, बाबा. शब्द."

मग पुढं कोण चालणार हा प्रश्न आला. बाबा उठायलाच लागले. सलीम म्हणाला, "काका, राजाच्या बायकोले रस्ता मालूम नाई, अन् मी तं दर्ज्याचा पोरगा. तुमी नाई आले तं आमी इथीच उपाशी मरतो." बाबा बसले.

टोळी नदीपाशी आली. "बाबा, पाणी किती खोल ते बघायला फासा टाका. माझ्या इकडं, पुठ्ठ्यामागं टाका."

तीन पडले. मला एकट्यालाच दिसले.

सतरा म्हणालो असतो तरी कुणाला कळलं नसतं. बाबांचे डोळे माझ्या तोंडावर होते. या खेळासाठी मी दोन वर्षं थांबलो होतो आणि तो एका आकड्यात बिघडणार होता. पण माझ्या मागं तिघं चालत होते आणि खोटं बोलायचं नाही हे मला बाबांनीच शिकवलं होतं.

"तीन पडले, बाबा. तुम्हाला तळ दिसत नाही." मी थांबलो. "तुम्ही मागच्यांना काय सांगता?"

बाबांनी आधी मायकडं, मग सलीमकडं पाहिलं.

"सांगतो," ते म्हणाले, "मले काई दिसून नाई राह्यलं. एकमेकाचा हात धरा."

धरला. खरोखर, चटईवर बसल्या बसल्या. मध्यावर मायचा पाय घसरला, राणीचा मुकुट वाहून गेला, पण हात धरलेले होते म्हणून सगळे पलीकडं पोचले. "माहा मुकुट!" माय इतकी हसली की पदरानं डोळे पुसायला लागली.

बाबांनी हात सोडला नव्हता. "त्या दिवशी बी मले दिसलं नव्हतं," ते म्हणाले.

"आमाले मालूम हाये," माय म्हणाली. "कोनं काई म्हनलं का तुमाले?"

"नाई."

"मंग? टाका फासा. माहा मुकुट शोधा."

तिसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला निघालो. तुम्ही जे गावाकडंच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या सगळ्यांना मला पुढचं सांगायचं आहे. घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की मी तालुका सांगतो, जिल्हा सांगतो. मनात मात्र ती पायवाट असते आणि त्या सकाळची रांग. सलीम पेटी घेऊन, मध्ये माय, शेवटी मी. बाबा पुढं. नाल्यापाशी ते थांबले, खूप वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मले दिसते तेवढं साफ हाये. जवळ जवळ चाला."

पुढं वाट फुटते तिथं त्यांनी एक फांदी मोडली. ती वाट आम्हा सगळ्यांना पाठ आहे. तरी मी वाकून ती फांदी पाहिली, आणि त्यांच्या मागं वळलो.