काचेमागची रजा

शहराबाहेरच्या आमच्या छोट्या कारखान्यात फाटकाजवळच्या काचेच्या चौकटीत कामगार कायद्याचा तक्ता लावलेला आहे. खंडेनवमीला यंत्रांबरोबर त्याचीही पूजा होते. दरवर्षी हळदीकुंकवाची बोटे काचेवर एकाच जागी उमटतात, कारण ती जागा हाताच्या उंचीवर आहे. परवा पॅकिंगमधली सुनंदा तिथे उभी राहून नखाने ते कुंकू खरवडत होती. तिला सातवा महिना लागला आहे. तिला पाहून मालक आले आणि तक्ता वाचायला त्यांनी चष्मा लावला.

“मालकाने बाळंतपणाची रजा द्यावी,” तिने कुंकवाखालची ओळ वाचली. “परत आल्यावर काम राहील ना, साहेब?”

“तू ठेकेदाराकडून आलेली. त्याला विचार.”

“त्यांनीच तुमच्याकडं पाठवलंय.”

“मग तुझा मालक कोण?” हे मालकच विचारत होते, आणि चिडून नव्हे.

कायदा देणारा आणि घेणारा अशा दोघांसाठी लिहिलेला असतो, असे आपण धरून चालतो. पण देणारा कोण हेच ठरले नसेल, तर मागणारीने हात कुणापुढे करायचा? तक्ता मीही दोनदा वाचला. त्यात नुसते ‘मालक’ एवढेच लिहिले आहे.

“सोमवारी ये, बघू,” मालक म्हणाले.

“येते,” ती म्हणाली. “पण कुणाकडं येऊ?”