बॉनेट गरम होतं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. लेकीला तर नाहीच. गॅरेजमधल्या देवाच्या फोटोला उदबत्ती लावतानासुद्धा हा विषय मनात आला, की मी पटकन दुसरंच काहीतरी मागून मोकळा होतो — धंदा चालू दे, गुडघे सांभाळ. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बारामतीत मला ओळखणारे फार झालेत, आणि तीच अडचण आहे.

ओळखतात ते माझ्या कानामुळे. भिगवण रस्त्याला माझं गॅरेज आहे, त्याआधी एसटी डेपोच्या वर्कशॉपमध्ये होतो. जुनी गाडी घ्यायची झाली की लोक मला सोबत नेतात. मी बॉनेट उघडायला लावतो, इंजिन चालू करायला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. डोळे मिटायची तशी काही गरज नसते, पण बघणाऱ्यांना ते आवडतं. मलाही आवडतं — आता कशाला लपवू? मग मी एक शब्द बोलतो आणि त्यावर सौदा होतो, नाहीतर मोडतो.

दामू आमच्या डेपोतला ड्रायव्हर. बारामतीजवळच्या कन्हेरीचा. सगळी नोकरी त्यानं लाल गाडी चालवण्यात घालवली, आणि माझी त्याची दोस्ती त्या गाड्यांच्या खाली झोपून आणि वर बसून झाली. रोज सकाळी ड्युटीवर निघताना तो वर्कशॉपच्या दारात यायचा आणि विचारायचा, "मिस्त्री, गाडी ओके?" मी म्हणायचो, ओके. की हा निघाला. टायरला लाथ मारून बघणं नाही, पुन्हा विचारणं नाही. आमच्याकडची रीतच होती ती. मिस्त्रीनं ओके म्हटलं की गाडी ओके. आणि ओके म्हटलेली गाडी वाटेत मेली, तर दोष चालवणाऱ्याचा. असं कुठं लिहिलेलं नसेल, पण आमच्या वेळच्या ड्रायव्हरांच्या अंगात ते मुरलं होतं. दामूच्या अंगात तर जरा जास्तच. आपल्या हातून एक गाडी कधी मेली नाही, हे तो चहाच्या टपरीवर अनोळखी माणसालाही ऐकवायचा.

त्याला एकच वेड होतं. स्पोर्ट्स कार. हसू नका — आम्ही हसलो तेवढं पुरे झालं. हायवेला बस घेऊन जाताना एखादी बसकी, दोन दारांची गाडी सुळकन पुढं गेली, की हा म्हणायचा, "रिटायर झालो की मी बी असाच जाणार. शांताला बाजूला बसवून." शांतावहिनी, म्हणजे त्याची बायको, डोक्याला हात लावायची. आणि खरोखर रिटायर झाल्यावर तो तशी गाडी शोधायला लागला. जुनी, पण तशीच.

ती सापडली इंदापूरला. आणि कुणाच्या दारात सापडावी? माझ्या लेकीचं लग्न तेव्हा ठरत आलं होतं. सुपारी फुटली होती, तारीख धरायची बाकी होती. नवऱ्या मुलाचे मामा इंदापूरचे. ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर, दारात ट्रॉल्या उभ्या, घरात आणि गावात शब्दाला वजन. हे स्थळ त्यांनीच आणलेलं. त्यांच्या मुलानं हौसेनं घेतलेली पिवळी स्पोर्ट्स कार शेडमध्ये उभी होती. मुलाची हौस फिटली होती आणि मामांना ती जागा ट्रॅक्टरसाठी हवी होती.

दामूला कुणीतरी ही बातमी दिली, आणि तो माझ्याकडं आला. तू बघ, तू ओके म्हण, मग घेतो. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की बाबा, तिथं माझी सोयरीक होतेय, दुसरा कुणीतरी मिस्त्री ने. का नाही सांगितलं? वाटलं, गाडी चांगलीच असेल. असं वाटून घेणं सोपं असतं.

सकाळीच गेलो आम्ही. मी, दामू आणि त्याचा मुलगा मिलिंद, जो तेव्हा एमआयडीसीत नोकरीला होता. मामा पुढं आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "या पाव्हणं. तुमीच बघणार म्हणल्यावर काय, घरचंच झालं. महिनाभर हलली न्हाय बघा जाग्यावरनं."

आता तुम्हाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, नाहीतर माझं पाप तुमच्या लक्षात यायचं नाही. इंजिनाच्या पोटात एक साखळी असते, टायमिंग चेन म्हणतात तिला. ती सैल पडली, की थंड इंजिन चालू केल्या केल्या थोडा वेळ खुळखुळते. ऑइल वर चढलं, इंजिन तापलं, की बरेचदा गप्प बसते. म्हणून जुनी गाडी थंड असतानाच ऐकायची असते. आणि म्हणून, ज्याला काही झाकायचं असतं, तो गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी फिरवून आणून उभी करतो.

मी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं.

महिनाभर न हललेली गाडी. सकाळची वेळ. डिपस्टिक काढली, तर ऑइल नवंकोरं आणि हवं त्यापेक्षा दाट, आवाज दबावा म्हणून घालतात तसं. इंजिन चालू केलं, डोळे मिटले. छान गोल आवाज. पण रेस सोडताना खालून कुठूनतरी, अगदी हलकी — खुळखुळ. डब्यात दोन चिंचोके हलावेत इतकीच. दुसऱ्या कुणाला ऐकू आली नसती. मला आली.

आणि तेवढ्यात दामूनं बॉनेटवर हात ठेवला. ड्रायव्हर होता तो, त्याच्या हाताला कळायचं तेवढं कळलं. तो माझ्याकडं बघत हळूच म्हणाला, "गरम हाय रं."

मी म्हणालो, "पत्र्याची शेड हाय दामू. पत्रा तापतो सकाळपासनं."

बास. एवढंच. एवढी दोन वाक्यं. शेडमध्ये गारवा होता, अंगातला स्वेटर काढावासा वाटत नव्हता. दामूनं एकदा पत्र्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग त्यानं स्वतःच्या हातावरचा विश्वास काढून माझ्यावर ठेवला आणि नेहमीसारखं विचारलं, "मग मिस्त्री, गाडी ओके?"

मी म्हणालो, ओके.

त्यावर पुष्कळ विचार केलाय मी. लेकीसाठी केलं, असं स्वतःला सांगून बघितलं. मामांच्या दारात उभं राहून मामांची गाडी खोटी म्हणायची, तर लग्नाचं काय? पण दुसरा एक प्रश्न आहे, तो मी टाळत आलो. दामूच्या घरात भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. मी त्याच्याकडं जेवलोय, तो माझ्याकडं जेवलाय, आमच्यात तसलं काही नाही असं मी छाती पुढं काढून सांगायचो. पण त्या शेडमध्ये एका बाजूला माझ्या जातीचा होणारा सोयरा होता आणि दुसऱ्या बाजूला दामू. दामूच्या जागी माझ्या भावकीतला कुणी असता, तर मी त्याला असं फसवलं असतं का? नसतं फसवलं. काहीतरी निमित्त काढून त्याला बाहेर नेलं असतं आणि कानात सांगितलं असतं. भावकीत उद्या तोंड दाखवायचं असतं ना. दामूला तोंड दाखवायची मला भीती वाटली नाही.

गाडी कन्हेरीला आली. पेढे वाटले. रविवारी दामू शांतावहिनीला बाजूला बसवून उजनीच्या पाण्यापर्यंत जाऊन यायचा. वहिनी डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून बसायची आणि हा लाल गाडीसारखीच ती पिवळी गाडी सावकाश, ठरल्या वेगानं न्यायचा. मी बघायचो आणि म्हणायचो, चालतेय की. कदाचित चालेलही.

लेकीचं लग्न झालं. झकास झालं. जेवणाच्या पंगतीत मामा माझ्या शेजारी बसले होते, खुशीत होते. हसत हसत म्हणाले, "पाव्हणं, खरं सांगू का? त्या दिशी मला वाटलं, तुमी ती गाडी नगं म्हणताय. तुमचा कान म्हणल्यावर… नगं म्हणला असता तरी आपली काय ना न्हवती. दिली असती कुणा पुण्यावाल्याला."

माझ्या हातातला जिलबीचा तुकडा तसाच राहिला. आपली काय ना न्हवती! म्हणजे लग्न मोडणार नव्हतंच. मी ज्याला घाबरलो, ते कुठं नव्हतंच. त्या माणसाला तर मी खोटं बोलेन असंही वाटलं नव्हतं. मी ते स्वतः होऊन, त्यानं न मागता देऊन टाकलं.

तेव्हा तरी जाऊन दामूला सांगायचं. दामू त्याच मांडवात होता, वाढप्यांना भात आण, भात आण म्हणून ओरडत होता. नाही सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात मिलिंद आईला घेऊन निघाला होता, इंदापूरच्या पुढं, तिच्या बहिणीकडं. हायवेला इंजिन एकदम बंद पडलं. माणसांना काही झालं नाही. गाडी ओढून माझ्या गॅरेजला आणली आणि मी दामूच्या समोर इंजिन उघडलं. साखळी सैल पडून दात सोडून गेलेली, व्हॉल्व्ह वाकलेले, साखळीला आधार देणारा गाईड घासून पार कागद झालेला. ते एका दिवसाचं काम नव्हतं. ती वर्षांची झीज होती, आंधळ्यालाही बोटानं कळली असती.

मिलिंद शिकलेला पोरगा. त्यानं तो तुकडा उचलला आणि म्हणाला, "काका, हे आधीपासून घासलेलं वाटतंय."

दामू माझ्याकडं बघत होता. "मिस्त्री, आपण आणली तवा गाडी ओके होती न्हवं?"

"होती की."

"मग ह्यानं लई जोरात वढली?"

मी खाली बघून हात पुसत होतो. ते फडकं मला आजही दिसतं. मी म्हणालो, "तरणी पोरं. वढत्यातच."

आता लग्नाची भीती नव्हती. मामांची नव्हती. मग कसली होती? माझ्या नावाची. माझ्या मिटलेल्या डोळ्यांची. बाकी काही नाही.

शांतावहिनीनं सांगून पाहिलं, की मी शेजारी होते, पोरानं नीट चालवली. दामू म्हणाला, "मिस्त्री म्हणतोय." संपलं. ओके म्हटलेली गाडी मेली म्हणजे दोष चालवणाऱ्याचा, आणि चालवणारा मिलिंद. वर तो मान्य करत नाही, म्हणजे खोटंही बोलतो. ज्या टपरीवर दामू स्वतःची फुशारकी सांगायचा, तिथं आता तो पोरानं इंजिन मारलं म्हणून सांगू लागला. घरात बोलणं बंद झालं. मिलिंदनं नोकरी बदलली, बायकोला घेऊन पुण्याला गेला. त्याला मुलगी झाली. वहिनी एकटीच जाऊन नात बघून आली.

तुम्ही म्हणाल, एका गाडीवरून कुणी पोराला तोडतं का? मीही तेच म्हणायचो, मनात. म्हणजे दोष पुन्हा दामूच्याच हट्टाचा. बघा, कशी सोय करतो माणूस.

मग दामू आजारी पडला. बारामतीतच दवाखान्यात होता, आणि शेवटी शेवटी डॉक्टरांनी वहिनींना घरच्यांना बोलावून घ्यायला सांगितलं. मिलिंद आला होता. बाहेर बाकावर बसला होता, आत बोलावलं नव्हतं म्हणून बाहेर. मी त्याच्या समोरून आत गेलो. दामूच्या हाताची नुसती काडी झाली होती. त्यानं ती माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "मिस्त्री, ती गाडी… खरंच ओके होती का रं?"

मला कळलं. मी शपथेवर सांगतो, मला त्याच क्षणी सगळं कळलं. त्याला माझ्या तोंडून "नाही" ऐकायचं होतं. त्याला पोराला आत बोलवायचं होतं, आणि स्वतःच्या आयुष्यभराच्या रीतीपुढं वाट सापडत नव्हती. एक शब्द. दाराबाहेर पोरगा बसलेला. पत्रा तापला नव्हता रे दामू — एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "ओके होती."

त्यानं मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर तो कुणाशी काही बोलला नाही. मिलिंद आत गेला तो सगळं संपल्यावर.

काही दिवसांनी मिलिंद माझ्या गॅरेजला आला. मला वाटलं, आता विचारणार. आणि खरं सांगतो, मी तयार होतो, किंवा तयार आहे असं मला वाटत होतं. तो स्टुलावर बसला. मागं ताडपत्रीखाली ती पिवळी गाडी तेव्हापासून तशीच उभी होती, तिकडं बघत राहिला. मग म्हणाला, "काका, कुणाला बोललो नाही. त्या दिवशी आई हसत होती, म्हणून थोडा वेळ मी जोरात नेली होती. थोडाच वेळ. वडलांना खोटं सांगितलं मी. आईलाही ते कळलं नसेल. तुम्ही म्हणालात तेच बरोबर होतं. माझ्यामुळेच गेलं इंजिन."

त्याला रडू आवरत नव्हतं. धडधाकट बाप्या माणूस, एका मुलीचा बाप, माझ्या तेलकट स्टुलावर बसून रडत होता. सांगायचं ते माझ्या तोंडाशी आलं होतं — खरंच आलं होतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ दे पोरा. व्हतं असं तरणेपणी. दामूनं कवाच माफ केलं असंल तुला."

तो उठला, डोळे पुसले आणि वाकून माझ्या पाया पडला. मी पडू दिलं.