डाव्या हातानं वाढणारी राणी

शिक्षणावर माझा फार विश्वास होता, कारण मी ते पुरतं घेतलेलं नव्हतं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. तिकडं कुठंतरी लढाई चालली होती, इकडं रॉकेल मिळायची मारामार होती, आणि मी बावीस वर्षांचा घोडा बेंबळीत आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, कापडाच्या दुकानात बसून स्वप्नं बघत होतो. गिऱ्हाइकानं चार हात मांजरपाट मागितला की मी सहा हात फाडायचो. माझं लक्ष दारातून दिसणाऱ्या ढगाकडं असायचं! तीन घरची माणसं मला बघून गेली आणि तिन्ही घरांनी नकार कळवला. तिसऱ्यांनी तर आप्पांना तोंडावर सांगितलं, "पोरगं चांगलं हाय वो, पण बसल्या जागी नसतंय."

चौथं स्थळ जळकोटचं आलं. तेलाचे व्यापारी बसाप्पा यांची गिरिजा. तिला मी एकदा जळकोटच्या बाजारात बघितलं होतं. अडून बसलेल्या एका बैलाला ती कानडीतून समजावून सांगत होती, आणि बैल ऐकत होता! त्या दिवसापासून मला ती हवी होती. हे स्थळ गेलं असतं तर मी अन्नपाणी सोडणार होतो. (निदान सकाळची न्याहारी तरी.)

बसाप्पांचा निरोप आला. "पोराला काय येतं ते बघू, मग बोलू."

"तुला काय येतं रे?" आप्पांनी मला विचारलं. मी मघाशी जास्त फाडलेल्या मांजरपाटाकडं बघितलं.

मग मला जादूचा कंदील आठवला. सोलापुरात एका म्हाताऱ्या मास्तरांकडं होता तो. पत्र्याची पेटी, आत दिवा, पुढं भिंग. मधे रंगवलेली काच सरकवली की तेच चित्र समोरच्या पडद्यावर पुरुषभर मोठं! काचाही मोठ्या ज्ञानाच्या होत्या. इतिहासाच्या, कलेच्या, विज्ञानाच्या, एक तर अर्थशास्त्राची. सगळ्या गावाला एका दुपारीत शहाणं करायचं, आणि त्या गावात बसाप्पा असतील अशी व्यवस्था करायची, असा माझा बेत होता. सोलापूरला जाऊन मी तो विकतच घेतला. येताना निजामाच्या हद्दीवर जकातीच्या नाक्यावर कारकुनानं पेटीवर बोट ठेवलं.

"इसमें क्या है?"

"इल्म," ज्ञानाला त्याच्या भाषेत म्हणतात तसं मी छाती काढून म्हणालो.

त्यानं आपली यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "इल्म पे महसूल नहीं है. जाओ."

खेळ आमच्या सरकीच्या कोठारात ठरला, कारण त्याला एकच झरोका होता. भर दुपारी झरोक्यावर घोंगडी टाकून आम्ही रात्र केली. आता अडचण अशी की पुरुषांच्या मांडीला मांडी लावून बायका कशा बसणार? मी युक्ती काढली. कोठाराच्या मधोमध पडदा, अलीकडं कंदील आणि पुरुष, पलीकडं बायका. पडदा पाण्यानं चिंब भिजवला की चित्र आरपार दिसतं. आमच्या गल्लीतले शिंपी चाँदभाई यांनी मांजरपाटाचे दोन पन्हे जोडून पडदा शिवला आणि वर दोन घागरी पाणी मारलं. बसाप्पा पुढच्या पोत्यावर बसले. गिरिजा पलीकडं, माझ्या गंगूआत्याच्या शेजारी. आता सगळं माझ्या हातात होतं.

मी पहिली काच घातली. सूर्य आणि पृथ्वी. काचेच्या बाजूला एक मूठ होती, ती फिरवली की पृथ्वी सूर्याभोवती हळूहळू फिरायची. निळी, बोराएवढी पृथ्वी. खोकणारी माणसं खोकायची थांबली. सरकीचा वास, रॉकेलचा वास, पडद्यावरून टिपटिप गळणारं पाणी, आणि त्या ओल्या अंधारात आपण सगळे बसलोय ती जमीन तरंगत चाललीय! खरं सांगतो, मी बसाप्पांना विसरलो, गिरिजेलाही विसरलो. मूठ फिरवतच राहिलो. गावाची पंचवीस-तीस वर्षं गेली असतील!

"मास्तर, आता म्हातारं करता का आमाला?" चाँदभाई मला म्हणाले तेव्हा मी जागा झालो.

दुसरी काच अर्थशास्त्राची. तराजू घेतलेला वाणी.

"वजनात मारतोय," बसाप्पा लगेच म्हणाले. "बोट बघा त्याचं!" सगळ्या व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. अर्थशास्त्र तिथंच संपलं.

तिसरी काच कलेची. राजा पाटावर जेवायला बसलाय आणि राणी वाकून त्याला वाढतेय. सोन्याचे काठ, हिरवा चुडा, पानात भाताची मूद. खाली बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. पुरुषांच्या बाजूनं "वाऽ!" निघालं.

पलीकडून गंगूआत्याचा आवाज आला. "अगं बया! नवऱ्याला डाव्या हातानं वाढती की ही!"

"उजव्या हातानं वाढतेय, आत्या," मी अलीकडून म्हणालो.

"डाव्या!"

"उजव्या! आम्हाला सगळ्यांना दिसतंय."

"मंग आमचे डोळे काय फुटलेत? असली बाई दावून आमच्या पोरीबाळींना काय वळण लावतोस?"

पलीकडं वीस-पंचवीस बायकांचा गलका उठला. आता इथं शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी ज्ञानदान करत होतो ना! मी म्हणालो, "बायकांना सगळं उलटंच दिसतं!"

पुरुष खदाखदा हसले. पलीकडून आत्या थंडपणे म्हणाली, "चला गं, उठा. आज चुली पेटायच्या न्हाईत."

पुरुषांचं हसू जिथल्या तिथं विरलं.

तेवढ्यात पडद्यामागून दुसरा आवाज आला. "डावाच हात हाय." गिरिजा!

बसाप्पा उठले. "माझी पोरगी खोटं बोलत न्हाय."

"नाही हो, पण तुम्ही स्वतःच बघताय की!"

"म्या बघतोय उजवा. पण पोरगी म्हणती डावा. मंग खोटं कोण? तुमचं यंत्र!" असं म्हणून ते मोठ्यानं खाकरत (बायकांनी पदर घ्यावेत म्हणून) पडद्याला वळसा घालून पलीकडं गेले. तिकडून ओरडले, "अय्यो शिवने! डावाच की!"

झालं! सगळे पुरुष खात्री करायला पलीकडं धावले. त्यांना जागा द्यायची म्हणून बायका अलीकडं आल्या. मला वाटलं, आता तरी मिटलं. कुठलं काय!

"डावा हाय, डावा!" पुरुष पलीकडून ओरडायला लागले.

"उजवा! चांगला उजवा हाय!" अलीकडून आत्या.

"आत्ता तूच डावा म्हणत होतीस!" मी आत्याला म्हणालो.

"तवा डावा व्हता!"

मघाशी जे ज्या मतासाठी भांडत होते ते आता त्याच्या विरुद्ध मतासाठी तितक्याच जोरात भांडत होते. आप्पा कपाळाला हात लावून सरकीच्या पोत्यावर बसले. आणि मी, जादूच्या कंदिलाचा मालक, ज्ञानाचा वाटाड्या, मला खरंच कळेना की राणी हात कधी बदलते! मी भिंग पुसलं. काच काढून फुंकर मारली. शेवटी पडद्यावर आणखी एक तांब्या पाणी मारलं.

"काच द्या इकडं."

गिरिजा माझ्या पुढ्यात उभी होती. लग्नाची पोरगी, भर सभेत, होणाऱ्या (किंवा न होणाऱ्या) नवऱ्यापुढं हात पसरून! पडद्याआडून डोकावणाऱ्या बसाप्पांचं तोंड उघडंच राहिलं. मी मुकाट्यानं काच दिली. तिनं ती दिव्यापुढं धरली आणि मोठ्यानं म्हणाली, "ह्या अंगानं बघा, उजवा. आता काच पालटली, डावा. पडदा बी तसाच. तुमी म्होरून बघता, आमी मागून. खालची अक्षरं बी आमाला उलटी दिसत व्हती. राणी बिचारी बरोबर हाय."

पुरुष एकेक करून पडद्याआडून पुढं आले आणि काच दोन्ही अंगांनी बघू लागले.

"अल्ला!" चाँदभाईंनी कपाळावर हात मारला. "सदरा उलटा केला तो खिसा इधर का उधर जाताच है! जिंदगीभर सदरे शिवतोय मी!"

आता सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हसून म्हणालो, "मला ठाऊकच होतं. तुमची परीक्षा बघत होतो."

"झूठ मत बोलो, मास्टर," चाँदभाई म्हणाले. "डोळ्यांत पाणी है तुमारे."

आणि होतंच. ही पोरगी आता जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. ज्याला आपल्याच यंत्राची दुसरी बाजू ठाऊक नाही त्याला तेलाच्या व्यापाऱ्यानं मुलगी का द्यावी? बसाप्पा पोरीला घेऊन तडक गाडीत जाऊन बसले. आप्पा दुकानात गेले आणि त्यांनी स्वतःच सहा हात मांजरपाट उगीच फाडला. मी चार दिवस काही खाल्लं नाही. (न्याहारी सोडून.)

पाचव्या दिवशी जळकोटहून निरोप आला. होकार!

आप्पांनी निरोप्याला दोनदा विचारलं, घर चुकला नाहीस ना म्हणून. गंगूआत्यानं देवापुढं साखर ठेवली. मी तर पंधरा दिवस जमिनीवर चाललोच नाही. गिरिजेनं म्हणे स्वतः बापाला सांगितलं होतं, हेच घर पाहिजे. का सांगितलं असेल? माझा आवाज? माझे पाणावलेले डोळे? माझी शिक्षणाची तळमळ? या विचारात मी लग्नाचंच कापड दोनदा चुकीचं फाडलं!

लग्नानंतर आठ दिवसांनी ती दुकानाच्या ओट्यावर बसून कंदिलाचं भिंग पुसत होती. मी धीर करून विचारलं, "गिरिजा, खरं सांग. माझ्यात काय बघितलंस तू?"

तिनं भिंग उजेडाकडं धरलं, एक डोळा मिटून आरपार बघितलं.

"तुमाला कवा बघितलं म्या? अंधार व्हता की," ती म्हणाली. "म्या कंदिलाला व्हय म्हणलं. तुमी त्याच्यासंगं आलाव."