धर्माचा रकाना

“खोडा तो रकाना! आधी खोडा, मग बोला!” काका इंग्रजीत सुरू होऊन मराठीत पोचले होते आणि समोरचा सामोअन फोर्कलिफ्टवाला, अर्धं सँडविच हातात धरून, सगळं समजल्यासारखा मान हलवत होता.

ही पेनरोजच्या आमच्या डेपोतली जेवणाची सुट्टी. त्या वर्षी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. आमच्यापैकी कुणाला तिथे मत नव्हतं आणि न्यूझीलंडला तर राष्ट्राध्यक्षच नाही. पण काकांना विचाराल तर तिथला निकाल आमच्या जेवणाच्या खोलीवाचून अडला होता. खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी तीन रकाने आखले होते: धर्म, मूल्यं, नेतृत्व. प्रत्येकी दहा मार्क. फोर्कलिफ्टवाल्याचं म्हणणं, जो रविवारी चर्चला जात नाही त्याच्या हाती देश कसा द्यायचा? शेवटी काकांनी स्वतःच पहिल्या रकान्यावर फुली मारली.

“देवाचे मार्क देव देईल. आपण माणूस तपासायचा.”

हे त्यांचं पालुपद. पुण्याच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणी विभागात काढलेला आणि आता माझ्याबरोबर डेपोत खोकी भरणारा माणूस. डेअरीत दूध आणायला गेला तरी बाटली उजेडात धरून बघायचा. लिहायचं ते डेपोतल्या जाड हिरव्या मार्करनं. त्यांनी खोक्यावर लिहिलेला पत्ता विमानातून वाचता येई. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. माझ्या ओळखीतला आता नाही आणि त्याचा पुठ्ठा माझ्या गॅरेजमधून मला टाकवत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत, इथल्या उन्हाळ्यात, काकू गेल्या. महिनाभर हॉस्पिटलात होत्या. तिथे रूथताई नर्स होत्या, मूळच्या नगरच्या, आमच्या मराठी मंडळातल्या एकमेव ख्रिश्चन. ड्यूटी संपली की त्या घरी जाण्याऐवजी काकूंना मऊ वरणभात भरवत बसायच्या. काका शेजारी बसून दोघींना अमेरिकेतल्या उमेदवारांचे मार्क वाचून दाखवत. फुली मारलेला रकानाही दाखवत, अभिमानानं. रूथताई म्हणत, “छान केलंत, काका.”

मग जुलैत, इथल्या हिवाळ्यात, मंडळाच्या अध्यक्षाची निवडणूक आली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेन्डरसनच्या हॉलमध्ये सभा. एका बाजूला रूथताई. दुसऱ्या बाजूला एक सॉफ्टवेअरवाला, ज्यानं आदल्या वर्षी हॉलची किल्ली हरवून गणपतीला दोन तास गाडीत बसवून ठेवलं होतं. पार्किंगमध्ये तेवढ्यात मोदकांचे दगड झाले; एकानं माझी दाढ पाडली असं मी अजून सांगतो. म्हणजे निकाल ठरलेलाच होता. पण मतदानाआधी कुणीतरी हळूच विचारलं की आपल्याकडे गणपतीची पहिली आरती अध्यक्ष करतो, त्याचं कसं?

रूथताई उठल्या. म्हणाल्या, “आरती कुणीही करा. मी खुर्च्या मांडीन.”

हॉलमध्ये एकदम खोकल्याची साथ आली.

चिठ्ठ्या मोजायला मी. मंडळात थापाड्या म्हणून मीच प्रसिद्ध, त्यामुळे माझ्या हातांवर सगळ्यांचं लक्ष राहतं. एकेक चिठ्ठी उंच धरून नाव वाचायचं. त्यातली एक सॉफ्टवेअरवाल्याची वाचली आणि खाली ठेवताना उलटी झाली. मागच्या बाजूला हिरव्या मार्करची बेरीज होती. रूथताई: धर्म शून्य, मूल्यं दहा, नेतृत्व नऊ. एकोणीस. तो: धर्म दहा, मूल्यं सहा, नेतृत्व चार. वीस.

जन्मभराची सवय. कागद हातात आला की मार्क मांडून बघितल्याशिवाय काकांना मत देता आलं नाही, आणि चिठ्ठीला दुसरी बाजू असते हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. माझ्याही नाही. मी पुढची बाजू वाचत होतो तेव्हा मागची पहिल्या रांगेसमोर होती. पहिल्या रांगेत रूथताई होत्या. त्यांनी बेरीज वाचलेली होती. मी मान वर केली तेव्हा त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

रूथताई एका मतानं हरल्या. गणपतीत त्यांनी खुर्च्या मांडल्या. काका आले नाहीत.

नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचा निकाल लागला. फोर्कलिफ्टवाला काकांना शोधत आला, त्यांचे मार्क किती जुळले ते विचारायला. काका डबा खात राहिले. ज्यांचा आवाज पेनरोजहून निघून ट्रॅफिक चुकवत हेन्डरसनला पोचायचा, ते काका. मी एकदाच विचारलं, का हो? म्हणाले, “हात थांबला नाही.”

मग ते हॅमिल्टनला मुलीकडे राहायला गेले आणि पुढच्या हिवाळ्यात तिथेच गेले. अंत्यविधीनंतर मुलीनं माझ्याकडे एक पाकीट दिलं, वर हिरव्यात रूथताईंचं नाव. म्हणाली, “बाबा रोज म्हणायचे पोस्ट करतो. नेव्हर डिड.”

मी ते हेन्डरसनला नेऊन दिलं. रूथताई ड्यूटीला निघाल्या होत्या. दारातच उघडलं. तीच दोन नावं, तेच मार्क. पहिल्या रकान्यावर फुली, इतकी दाबून मारलेली की कागद फाटला होता. खाली नवी बेरीज: एकोणीस, दहा.

मी थापाड्या माणूस. काका शेवटी तुमचं नाव घेऊन रडले, असं ठोकून द्यावं हे तोंडापर्यंत आलं होतं. रूथताईंकडे बघून ते गिळलं. नुसतं विचारलं की काकांच्या मुलीला काय कळवू.

रूथताईंनी कागद घडी करून परत पाकिटात घातला.

“अमेरिकेसाठी त्यांनी तो रकाना तेव्हाच खोडला होता,” त्या म्हणाल्या.